गगनबावड्याचं रान, शिरोळचा माळ

कोल्हापूर जिल्ह्याच्या नकाशावर गगनबावड्यापासून शिरोळपर्यंत पूर्वेला एक रेघ ओढली, तर ती शंभर किलोमीटरच्या आतच भरते. एवढ्या अंतरात पाऊस जवळजवळ दहा पटींनी घटतो. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्याही वर पाऊस पडतो, कोल्हापूर शहरात तो हजाराच्या घरात येतो आणि शिरोळकडे पाचशेच्या आसपास उतरतो. पश्चिमेला दाजीपूर-राधानगरीच्या माथ्यावर अंजनी, जांभूळ, पिसा अशी बारमाही हिरवी, वाऱ्यानं ठेंगणी राहिलेली झाडं एकमेकांत फांद्या अडकवून उभी असतात. थोडं पूर्वेला सरकलं की ऐन, किंजळ, नाणा यांची पानगळीची रानं लागतात. पन्हाळा ओलांडला की झाडं विरळ होतात आणि हातकणंगले-शिरोळच्या बाजूला, ऊस जिथे पोहोचलेला नाही अशा मुरमाड तुकड्यांवर बाभूळ, बोर, हिवर आणि कुसळी गवत उरतं. प्राणीही तसेच बदलतात. शेकरू एका झाडावरून दुसऱ्या झाडावर उडी घेत जगतो, म्हणून त्याचं जग फांद्या तुटल्या की संपतं. चंडोल आणि टिटवी जमिनीवर घरटं करतात, त्यांचं जग फांद्या संपल्या की सुरू होतं. एका जिल्ह्यात, एका दिवसाच्या प्रवासात सजीवांच्या इतक्या निरनिराळ्या वसाहती फार थोड्या ठिकाणी पाहायला मिळतात.

हा फरक आपण वाचतो कसा, यावर पुढचं पुष्कळ काही ठरतं. सर्वसाधारण समजूत अशी की खरा निसर्ग म्हणजे दाजीपूरचं दाट रान, आणि पूर्वेचा माळ म्हणजे त्याच रानाचं उजाड झालेलं किंवा अजून न वाढलेलं रूप. झाडं तोडली म्हणून माळ झाला, झाडं लावली की पुन्हा रान होईल, असं हे सरळ गणित आहे. आपली कागदपत्रंही हेच शिकवतात. सातबाऱ्यावर अशी जमीन पड किंवा पोटखराबा म्हणून नोंदली जाते, आणि देशातल्या पडीक जमिनींच्या सरकारी नकाशांतही गवताळ व झुडपी जमिनींचा मोठा वाटा धरलेला असतो. माझं म्हणणं असं आहे की या वाचनात अंतर आणि काळ यांची गल्लत झाली आहे. दोन जागांमधला फरक म्हणजे एकाच प्रवासातले दोन टप्पे, असं आपण धरून चाललो आहोत. काही जागा खरोखरच प्रवासात असतात. पण शिरोळचा माळ दाजीपूरच्या वाटेवर निघालेला नाही, तो स्वतःच्या ठिकाणी पोहोचलेला आहे. ही गल्लत निव्वळ अभ्यासकांच्या वादाची बाब असती तर चाललं असतं, पण तिच्यामुळे दरवर्षी पावसाळ्यात कुठे खड्डे खणायचे आणि कुठे खाण खोदायची हे ठरतं.

या गल्लतीला एक जुना शास्त्रीय आधारही आहे. अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक क्लेमेंट्स यांनी १९१६ साली असा सिद्धांत मांडला की एखाद्या प्रदेशातली वनस्पतींची वसाहत एखाद्या सजीवासारखी वाढते. मोकळ्या जमिनीवर आधी तण, मग गवत, मग झुडपं, मग झाडं येतात आणि शेवटी त्या हवामानाला शोभणारी एक परिपक्व, स्थिर अवस्था येते. या क्रमाला अनुक्रमण म्हणतात. दहा वर्षांनी हेन्री ग्लीसन यांनी त्याला उलटा प्रश्न केला. प्रत्येक जाती स्वतःला सोसेल तिथेच रुजते. ज्यांच्या सोसण्याच्या सीमा एकमेकींवर येतात त्या एकत्र दिसतात, आणि आपण त्या एकत्र दिसण्याला जंगल हे नाव देतो, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे १९५६ साली रॉबर्ट व्हिटेकर यांनी अमेरिकेतल्या ग्रेट स्मोकी डोंगरांवर उंची आणि ओलाव्याप्रमाणे झाडांची मोजदाद केली. जाती गटागटानं बदलत नाहीत, एकेक करून गळत जातात आणि एकेक करून भर पडत जाते, असं त्यांच्या मोजदादीत दिसलं. कोल्हापूरच्या आपल्या रेघेवरही हेच चित्र आहे. अंजनी एका ठिकाणी थांबते, ऐन त्याच्या कितीतरी पुढे जाऊन थांबतो, आणि जांभूळ मात्र ओढ्याचा काठ धरून कोरड्या मुलखातही शिरतं. रान इथे संपलं आणि माळ इथे सुरू झाला, अशी कुंपणासारखी हद्द कुठेच नसते. व्हिटेकर यांनी या बदलालाच वैविध्याचं एक माप मानलं. एका जागी किती जाती आहेत ही एक मोजणी, आणि एका जागेहून दुसऱ्या जागी जाताना किती जाती बदलतात ही दुसरी मोजणी. कोल्हापूरची श्रीमंती पहिल्या मोजणीत आहेच, पण दुसऱ्या मोजणीत ती फार मोठी आहे. माळ वगळला तर ही दुसरी श्रीमंती पुष्कळ घटते.

पाऊस कमी म्हणून झाडं कमी, एवढंच असतं तर वाद लवकर मिटला असता. पण या जिल्ह्यातला सगळ्यात बोलका पुरावा जास्त पावसाच्या बाजूला, सड्यांवर आहे. पन्हाळ्याजवळचं मसाई पठार घ्या, किंवा शाहूवाडी, राधानगरी, चंदगडच्या डोंगरमाथ्यांवरचे जांभ्या दगडाचे सडे घ्या. तिथे पाऊस भरपूर पडतो, काही सड्यांवर तर रानाइतकाच. तरीही झाडं नाहीत, आणि कुणी तोडली म्हणून नाहीत असंही नाही. जांभ्याच्या कातळावर माती बोटभर, कुठे तेवढीही नाही. चार महिने त्या मातीत पाणी साचून राहतं आणि मुळं गुदमरतात, उरलेले आठ महिने तोच कातळ तव्यासारखा तापतो. मोठ्या झाडाला यातलं काहीच सोसत नाही. उलट इथे अशा वनस्पती आहेत ज्यांना दुसरीकडे कुठेच जमत नाही. मातीत नत्र फारच कमी असल्यामुळे सीतेची आसवं आणि दवबिंदू या इवल्याशा वनस्पती कीटक व सूक्ष्मजीव पकडून ती भूक भागवतात. सड्यावरचा फरक पावलापावलावर असतो. उथळ डबक्यात एक वसाहत, कातळाच्या भेगेत दुसरी, सड्याच्या कडेला माती साठते तिथे तिसरी, आणि एखाद्या खोलगट भेगेत एकटंच जांभूळ. जिल्ह्याला लागूनच असलेल्या आंबोलीच्या परिसरातला एक भेक २००९ साली नवी जात म्हणून नोंदला गेला. तो कातळावरच्या पावसाच्या उथळ पाण्यात अंडी घालतो. त्याच वर्षी दाजीपूरहून जमिनीवर वावरणाऱ्या एका छोट्या पालीची नोंद झाली आणि तिच्या शास्त्रीय नावात कोल्हापूरचं नाव आलं. एखादी जात अशा एका मर्यादित मुलखापुरतीच सापडते, तेव्हा ती तिथे फार दीर्घ काळ राहते आहे असं मानायला जागा असते. सडा हा जंगलाचा अर्धवट टप्पा असता, तर त्याच्यावाचून न जगणारे असे सजीव घडायला वेळच मिळाला नसता.

सडा बदलत नाही असा याचा अर्थ नव्हे. काळाचा खेळ पाहायचा तर सड्याइतकी चांगली जागा नाही, कारण इथे तो चार महिन्यांत उरकतो. पहिल्या सरींबरोबर दीपकाडी वर येते, मग चवर, मग भाद्रपदाच्या सुमारास गेंद, तेरडा आणि सीतेची आसवं, पाऊस ओसरू लागला की सोनकीचा पिवळा गालिचा, आणि दिवाळीपर्यंत सगळं वाळून गेलेलं असतं. प्रत्येक जात आपल्या वाट्याची ओल आणि आपल्या वाट्याचे कीटक साधून घेते. पण हा बदल वर्तुळासारखा आहे. पुढच्या ज्येष्ठात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते, आणि शेकडो पावसाळे गेले तरी सडा रानाच्या दिशेनं एक पाऊलही सरकत नाही. रानातही असं वर्तुळ आहे, फक्त लांब पल्ल्याचं. कारवी सात-आठ वर्षांतून एकदा सगळी मिळून फुलते, बी टाकते आणि मरते. उतारावर एकाएकी ऊन शिरतं, दोन-तीन वर्षं दुसऱ्याच रोपांना संधी मिळते, आणि मग कारवी पुन्हा दाटते. बदल दिसला की तो प्रगती किंवा ऱ्हासच असला पाहिजे, असं समजण्याची घाई म्हणूनच करू नये.

तरीही खराखुरा प्रवास कुठे चालू आहे, तेही पाहायला हवं, नाहीतर क्लेमेंट्स यांच्यावर अन्याय होईल. वारणेच्या खोऱ्यात, कोल्हापूर, सांगली, सातारा आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांच्या हद्दींवर चांदोलीचं राष्ट्रीय उद्यान आहे. २००४ साली त्याला हा दर्जा मिळाला आणि २०१० साली कोयना अभयारण्यासह ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग झालं. या रानातली अनेक गावं उठली, माणसं दूर पठारी मुलखात जाऊन वसली, आणि मागे भाताची खाचरं, नाचणीचे उतार आणि घरांची जोती राहिली. त्या जमिनीवर गवत आलं. गवतावर गवे आणि सांबरं आली. आता त्याच कुरणांमध्ये करवंद, रामेठा, कारवी डोकं वर काढतात, आणि बुलबुलांनी टाकलेल्या बियांमधून जांभूळ, अंजनी रुजू लागतात. इथे माती खोल आहे, पाऊस भरपूर आहे, शेजारी बियांचा साठा असलेलं रान आहे, म्हणून कुरण हा इथे खरोखरच टप्पा आहे. हात लावला नाही तर काही दशकांत तिथे रान मिटून येईल. वनखात्यापुढचा पेच असा की गवे आणि सांबरं गवतावर पोसतात आणि वाघ त्यांच्यावर, म्हणून काही कुरणं राखावी लागतात. या पेचाचं उत्तर प्रत्येक खोऱ्यात वेगळं निघेल. पण चांदोलीचं कुरण आणि मसाईचा सडा लांबून सारखेच हिरवे दिसले, तरी एकाला काळानं घडवलं आहे आणि दुसऱ्याला जागेनं. एकाला जे औषध लागू पडतं ते दुसऱ्याला विष ठरू शकतं.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. सड्याचं ठीक, तिथे कातळ आहे. पण पूर्वेचे माळ तर माणसानंच केले, हजारो वर्षांची गुरंचराई, वणवे आणि कुऱ्हाड यांनी मूळचं रान संपवलं, असं अनेक वर्षं पाठ्यपुस्तकांतही सांगितलं जात होतं. माणसाचा हात या माळांवर फिरला आहे यात शंका नाही. पण हात फिरणं वेगळं आणि त्या हातानंच निर्माण होणं वेगळं. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तेराव्या शतकापासूनचं जुनं मराठी साहित्य आणि लोकपरंपरेतली गाणी-कथा धुंडाळून त्यांतल्या झाडाझुडपांच्या नोंदी काढल्या. पश्चिम महाराष्ट्राच्या कोरड्या पट्ट्यातल्या या नोंदींत हिवर, बाभूळ, खैर, पळस अशा उन्हातल्या, विरळ रानातल्या झाडांचाच भरणा निघाला. म्हणजे इंग्रजांच्या लाकूडतोडीच्या कितीतरी आधी हा मुलूख मोकळाच होता. कोल्हापूरपुरता आणखी जवळचा पुरावा संस्थानच्या शिकारीत आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोल्हापूर दरबारात शिकारीचे चित्ते पाळले जात. देशी चित्ते दुर्मीळ झाल्यावर ते आफ्रिकेहून मागवले गेले, आणि चित्तेवान त्यांना काळविटांवर सोडत. चित्ता दाट रानात शिकार करू शकत नाही, त्याला लांबवर मोकळं धावायला जमीन लागते, आणि काळवीटही गवताळ माळाचंच जनावर. दरबारानं हा खर्च केला, कारण पूर्वेला तसा माळ होता आणि त्यावर तसे कळप होते. धनगर समाजाची मेंढपाळी आणि घोंगडीही याच गवतावर उभी राहिली. हातकणंगले तालुक्यातल्या पट्टणकोडोलीच्या बिरदेवाच्या यात्रेला आजही जो लोटणारा समाज दिसतो, त्याच्या मागे या माळांचा फार मोठा इतिहास आहे.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. माळ जुना असेल, पण झाडं लावल्यानं बिघडतं काय? सावली मिळेल, हवेतला कर्ब शोषला जाईल, पाऊस वाढेल. याच भावनेनं महाराष्ट्रात २०१६ ते २०१९ या चार वर्षांत अनुक्रमे २, ४, १३ आणि ३३ कोटी झाडं लावण्याची उद्दिष्टं ठेवली गेली. शहरात, रस्त्याकडेला, गावठाणात, ओढ्याकाठी झाडं लावायलाच हवीत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण पाऊस झाडांमुळे पडतो यापेक्षा झाडं पावसामुळे उभी राहतात, हे सह्याद्रीच्या पावसाच्या सावलीत तरी जास्त खरं आहे. शिरोळला पाऊस कमी आहे तो मोसमी ढग सह्याद्रीच्या माथ्यावर आधीच रिकामे होतात म्हणून, आणि माळावर गिरिपुष्प किंवा सुबाभूळ लावून सह्याद्री हलत नाही. कर्बाचं म्हणाल तर गवताचा साठा मुख्यतः जमिनीखाली, मुळांत आणि मातीत असतो. वणवा लागला तर झाडाच्या खोडातला कर्ब धूर होऊन जातो, मुळांतला बहुतेक शाबूत राहतो. शिवाय जुनं गवताळ रान एकदा मोडलं की दहा-वीस वर्षांत परत येत नाही. नेर्लेकर आणि जोसेफ वेल्डमन यांनी जगभरातले अभ्यास एकत्र करून २०२० साली दाखवलं की अशा माळांचं पूर्ण वैविध्य परत यायला किमान शतकभर, बहुतेकदा हजारो वर्षं लागतात. गवत म्हणजे घाईघाईनं आलेलं तण, हा समज त्यामुळे टिकत नाही.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात विचार करायला लावणारा वाटतो. निसर्ग सतत बदलतच असेल, तर माणसानं केलेल्या बदलाबद्दल एवढी खंत कशाला? ऊस हीसुद्धा एक वसाहतच, जलपर्णीही एक वसाहतच. या प्रश्नाचं उत्तर व्हिटेकरांच्या दुसऱ्या मोजणीत सापडतं. आजवरचे बदल जागांना एकमेकींपासून वेगळं करत आले, आपले बदल त्यांना एकसारखं करत चालले आहेत. शाहू महाराजांनी राधानगरीच्या धरणाचं काम सुरू केलं, पुढे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे झाले, आणि त्या पाण्यानं जिल्ह्याचं पोट भरलं. ते मी नाकारणार नाही, आणि पंचगंगेच्या काठच्या शेतकऱ्याला ते नाकारायला सांगणारही नाही. पण बंधाऱ्यांच्या मालिकेमुळे वाहती नदी एकापुढे एक अशा डोहांसारखी झाली, तशा वाहत्या पाण्याच्या मासळीच्या जागा आक्रसल्या आणि साचलेल्या पाण्यात जगणाऱ्यांच्या वाढल्या. सांडपाण्याचं खत मिळालं तशी जलपर्णी पसरली. घाटातल्या वाटेवर रानमोडी, माळावर गाजरगवत, दोन्हींच्या मधे घाणेरी. तिन्ही अमेरिका खंडांतून आलेल्या, आणि पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना रस्त्याच्या कडेला आता त्याच त्या भेटत राहतात. पश्चिमेचे गवे उसाच्या आडोशानं पूर्वेला सरकत कोल्हापूर शहराच्या वेशीपर्यंत आले. २००२ च्या सुमारास कर्नाटकातून हत्ती दोडामार्ग, चंदगड, आजऱ्याच्या बाजूला उतरले. जनावरं जागा बदलतात यात नवल नाही, पण आपण मधला प्रत्येक टप्पा सारखाच हिरवा, सारखाच ओला करून ठेवला, तर थांबायचं कुठे हे त्यांना कळायला खूणच उरत नाही, आणि त्याची किंमत शेतकरी व गवा दोघंही मोजतात.

मग एखादी मोकळी जमीन टप्पा आहे की मुक्काम, हे ओळखायचं कसं? त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. हातभर खणून पाहावं, खाली माती लागते की मुरूम की जांभा. तिथे दुसरीकडे न मिळणारी गवतं, कंद, किडे, सरपटणारे जीव आहेत का, ते पावसाळ्यात चार फेऱ्या मारून पाहावं, मे महिन्यात पाहून उजाड ठरवू नये. तिथल्या मेंढपाळाला विचारावं, कारण कोणतं गवत कोणत्या नक्षत्रात उठतं याचा हिशेब त्याच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचा असतो. या पडताळणीची गरज सगळ्यात जास्त आहे ती सड्यांना. २०१२ साली युनेस्कोनं पश्चिम घाटाला जागतिक वारसा ठरवलं तेव्हा महाराष्ट्रातली कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही चार ठिकाणं त्यात आली. चंदगड, आजरा-भुदरगड, गगनबावडा, पन्हाळगड, विशाळगड ही संवर्धन राखीव क्षेत्रं झाली, मसाई पठारालाही तो दर्जा मिळाला. या क्षेत्रांबाहेरच्या सड्यांना मात्र असं कुठलंच कवच नाही. त्यांच्या जांभ्यात बॉक्साइट असतं, आणि शाहूवाडी-राधानगरीच्या काही सड्यांवर त्याच्या खाणी झाल्या आहेत. खाण संपली की खड्डा बुजवून त्यावर झाडं लावली जातात आणि जागा पूर्ववत झाल्याची नोंद होते. झाडं वाढतातही, कारण आता खाली भुसभुशीत भराव आहे. पण ज्या कातळावर पावसाचं बोटभर पाणी साचायचं तो कातळच गेलेला असतो. त्या पाण्यात वाढणारा गेंद, सीतेची आसवं, उथळ पाण्यात अंडी घालणारे भेक आणि भेगेतलं एकटं जांभूळ यांना रुजायला तिथे काहीच शिल्लक राहत नाही.